मायेची ऊब आणि पाव इंच

गोधडी हा शब्द काढला की मराठी माणूस हळवा होतो. पहिल्या वाक्यात आजी येते, दुसऱ्यात तिच्या मऊ झालेल्या लुगड्याचा वास येतो आणि तिसऱ्या वाक्यात "मायेची ऊब" येतेच येते. माझं भांडण या मायेच्या उबेशी आहे. बरेच दिवस मनात साठलंय, म्हणून आज जरा सविस्तर भांडणार आहे. चहा घेऊन बसा.

निमित्त असं. इथे ओहायोत मी गेली चार वर्षं क्विल्ट शिवणाऱ्यांच्या एका मंडळात जाते आणि बाकीच्यांच्या बरोबरीने दर महिन्याला एक ब्लॉक शिवते. ही बातमी गावाकडे पोचल्यापासून दोन प्रकारचे अभिप्राय येतात. पहिला आत्याच्या सुरात: "वेळ बरा मिळतो गं बाई तुम्हाला!" त्याचंच पोटकलम: "पीएचडी करून शेवटी गोधड्याच शिवायच्या होत्या, तर कऱ्हाडात काय वाईट होतं?" दुसरा अभिप्राय वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या मंडळींचा: "त्यांचं क्विल्ट म्हणजे नुसतं मोजून-मापून केलेलं काम. आपल्या गोधडीतली मायेची ऊब त्याला कुठून येणार?"

पहिल्या आक्षेपाचा निकाल पटकन लावते. खरा वाद दुसऱ्याशी आहे.

आधी हा प्रकार काय ते सांगते. क्विल्टला तीन थर असतात. वरचा थर कापडाचे तुकडे जोडून केलेला, मधे कापसाचं किंवा पॉलिएस्टरचं भरण, खाली अस्तर. आणि तिन्ही थरांतून आरपार टाके. वरचा थर बहुतेक वेळा सारख्या मापाच्या चौकोनांचा असतो. या एका चौकोनाला ब्लॉक म्हणतात. "ब्लॉक ऑफ द मंथ" म्हणजे वर्षाच्या सुरुवातीला सगळ्यांनी मिळून आराखडा ठरवायचा, दर महिन्याला एका ब्लॉकची कृती वाटायची, प्रत्येकीने तो घरी शिवायचा आणि पुढच्या बैठकीत टेबलावर आणून ठेवायचा. बारा महिन्यांत बारा ब्लॉक. तीन आडवे, चार उभे मांडले की 36 बाय 48 इंच. कडेने रुंद पट्ट्या लावल्या की मांडीवर घ्यायचं पांघरूण तयार.

प्रत्येक ब्लॉकला नाव असतं. नऊ चौकोनांचा साधासुधा तो नाइन पॅच. आमच्या राज्याच्या नावाचा ओहायो स्टार. लोणी काढायच्या दांड्यावरून नाव पडलेला चर्न डॅश. अस्वलाच्या पंजासारखा बेअर्स पॉ. आणि मला सगळ्यांत आवडणारा ड्रंकर्ड्स पाथ, म्हणजे दारुड्याची वाट. पाव वर्तुळं अशी जोडतात की नक्षी झोकांड्या खात जाते.

आमच्या मंडळाचा आणखी एक नियम आहे. दर महिन्याला दोन ब्लॉक शिवायचे: एक स्वतःचा, दुसरा सामायिक पेटीत. वर्षअखेरीला पेटीतले ब्लॉक जोडून क्विल्ट होतात आणि घर सोडून आलेल्या बायकांच्या निवाऱ्याला जातात.

आता "वेळ मिळतो" बद्दल. आमच्यात रात्रपाळी करणारी एक नर्स आहे, टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या एक बाई आहेत, जन्मभर लेथवर काम केलेले एक आजोबा आहेत (हो, पुरुषही असतात), आणि मी. मोकळा वेळ आजोबांशिवाय कुणालाच नाही. एका ब्लॉकला दोन-तीन तास लागतात. सबंध क्विल्ट एकदम शिवायला घेतलं तर कुणाच्याच्याने होणार नाही, म्हणून तर महिन्याचा हप्ता. तुम्हाला हे परकं वाटायचं काही कारण नाही. ही भिशी आहे, फक्त पैशांऐवजी कामाची. भिशी लावणाऱ्या बाईला "पैसे बरे मिळतात गं तुला" असं कुणी म्हणतं का? पैसे नसतात म्हणून तर ती भिशी लावते.

आणि भिशीतली दुसरी गोष्टही लक्षात घ्या. तिथे हिशेब कडक असतो. ठरलेल्या हजार रुपयांत नव्वद कमी टाकून "पण मायेने दिलेत हो" असं म्हणणारीला पुढच्या वर्षी घेत नाहीत. आपल्या समाजात प्रेम आणि हिशेब एका घरात सुखाने नांदतात. मग गोधडी आली की हिशेबाला घराबाहेर का काढतो आपण?

तर मुद्दा मोजमापाचा. क्विल्टच्या जगाचा कायदा एकच: शिवणीचं मार्जिन पाव इंच. आपले सुतार-गवंडी याला दोन सूत म्हणतील, आठ सुतांचा इंच. नाइन पॅच पुरा झाल्यावर 12 इंचाचा व्हायला हवा, म्हणून त्यातला 4 इंचाचा प्रत्येक तुकडा साडेचार इंच कापायचा. जास्तीचा अर्धा इंच दोन बाजूंच्या शिवणींत जातो. समजा शिवताना मार्जिन फक्त अर्धं सूत जास्त घेतलं. एका शिवणीत दोन्ही तुकड्यांचं मार्जिन जातं, म्हणजे एका शिवणीमागे एक सूत घट. नाइन पॅचमध्ये आडव्या दोन शिवणी, म्हणजे दोन सूत. सहा खणांच्या ब्लॉकमध्ये शिवणी पाच, म्हणजे घट पाच सूत, अर्ध्या इंचाहून जास्त. असा ब्लॉक नर्सबाईंच्या बरोबर मापाच्या ब्लॉकशेजारी ठेवला की दोघांची जोड लागत नाही. ओढून शिवलं तर कापडाला चुण्या पडतात. शिवणीवरून कापड दुमडताना दोऱ्याच्या जाडीएवढं कापड खाल्लं जातं, म्हणून जाणत्या बाया पाव इंचाला केसभर कमी शिवतात. हे त्यांना कुणी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवलेलं नाही.

पेटीत पडलेला ब्लॉक कुणाच्या शेजारी जाणार हे शिवणारीला माहीत नसतं. आणि ज्या बाईच्या अंगावर तो पडणार, ती तर तिला कधी दिसणारही नाही. अशा अनोळखी दोन माणसांसाठी दोन सूत सांभाळणं, यालाच मी माया म्हणते. मोजमापाने माया आटते असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा वीस वेगवेगळ्या हातांचे वीस ब्लॉक जोडायला बसावं.

आता माझ्या पोटापाण्याच्या कामाबद्दल दोन शब्द. मी कॉम्पोझिट पदार्थांवर संशोधन करते. कार्बनच्या तंतूंचं कापड थरावर थर रचायचं, त्यात रेझिन भरायचं, भट्टीत घट्ट करायचं. या पदार्थाचं जुनं दुखणं म्हणजे थर एकमेकांपासून सुटतात. त्यावर एक उपाय असा की रेझिन भरण्याआधी सगळे थर आरपार शिवून टाकायचे. विमानाच्या पंखांसाठी शिवलेल्या थरांवर नासाने बरीच वर्षं संशोधन केलं आहे. टाके किती जवळ घ्यायचे, दोरा किती जाड, टाक्यामुळे बळकटी किती वाढते आणि भोकांमुळे किती घटते, यावर प्रबंध निघतात आणि माझ्यासारख्यांना पगार मिळतो.

जुन्या लुगड्यांचे चार-पाच थर एकावर एक घालून, सुटू नयेत म्हणून धावदोऱ्याने आरपार शिवणारी बाई नेमकं हेच करते. माझा टाका म्हणजे तंत्रज्ञान आणि तिचा टाका म्हणजे माया! ऐकायला फार गोड आहे हे. पण तंत्रज्ञानाला दर असतो आणि मायेला दर विचारायचा नसतो, हे ध्यानात आलं की त्यातला गोडवा उतरतो.

तेव्हा विचारूच या. एक साधी गोधडी घ्या, पाच फूट बाय सात फूट. सोपं जावं म्हणून टाक्यांच्या ओळी सरळ आणि समांतर धरू, दोन ओळींत अर्धा इंच. रुंदी 60 इंच, म्हणजे 120 ओळी. प्रत्येक ओळ 84 इंच. एकूण 10,080 इंच, म्हणजे अडीचशे मीटरच्या वर. इंचाला दोन टाके धरले तर 20,160 टाके. चार-पाच थरांतून मोठी सुई आरपार घालून दोरा ओढायचा. सराईत हाताला एका टाक्यामागे सरासरी 3 सेकंद धरते. झाले 60,480 सेकंद, म्हणजे जवळपास 17 तास. यात लुगडी धुणं, उसवणं, थर पसरून सारखे करणं, मान मोडून आल्यावर पाठ टेकणं, काही धरलेलं नाही.

आता तुमच्या घरी शेवटची गोधडी शिवून घेतली तेव्हा किती पैसे दिले ते आठवा आणि 17 ने भागा. मी थांबते. करा भागाकार.

उत्तर आवडलं नसेल तर माझ्यावर चिडू नका. आकडा माझा नाही, तुमचाच आहे. भाव करताना आपल्याला मायेची ऊब आठवत नाही. ती आठवते पांघरताना.

दुसरा प्रश्न नावाचा. मी इथे येताना एक वाकळ बॅगेत घालून आणली होती. ती कुणी शिवली, असं आईला फोनवर विचारलं. "त्या यायच्या ना, वाकळवाल्या मावशी." नाव? "मावशीच म्हणायचो आम्ही." बघा, नातं लावलं, पण नाव विचारलं नाही. आमच्या मंडळात क्विल्ट पुरं झालं की मागच्या बाजूला कापडाची पट्टी शिवतात: कुणी केलं, कुठे, कोणत्या वर्षी. पट्टीशिवाय क्विल्ट अर्धवट समजतात.

हे शहाणपण अमेरिकेलाही जन्मतः नव्हतं. जॉर्जियात 1837 मध्ये गुलामगिरीत जन्मलेल्या हॅरिएट पॉवर्सची गोष्ट बघा. तिने बायबलमधल्या कथांच्या चित्रांचं क्विल्ट केलं होतं. 1886 मध्ये अथेन्स गावच्या प्रदर्शनात जेनी स्मिथ या कलाशिक्षिकेने ते बघितलं आणि विकत मागितलं. पॉवर्सने साफ नकार दिला. पुढे पैशांची अडचण आली तेव्हा तिने दहा डॉलर मागितले आणि शेवटी पाच डॉलरला ते द्यावं लागलं. म्हणजे भाव तिथेही पाडला गेला. पण स्मिथबाईंनी एक काम केलं: प्रत्येक चित्रात काय आहे ते पॉवर्सच्या तोंडून ऐकून लिहून ठेवलं. आज ते क्विल्ट स्मिथसोनियनमध्ये आहे आणि त्याच्याबरोबर हॅरिएट पॉवर्स हे नाव आहे. मायेने ते टिकलं नसतं. टिपणाने टिकलं.

मग पुढे नावं टिपायची सवय लागत गेली. कॅन्सस सिटी स्टार या वर्तमानपत्राने 1928 ते 1961 पर्यंत ब्लॉकचे नमुने छापले, हजाराच्या वर. बाया ते कापून डब्यात जपून ठेवायच्या. बार्बरा ब्रॅकमन यांनी तुकड्यांच्या नमुन्यांचा कोश केला, त्यात चार हजारांवर नमुने आहेत, नावांसकट. 1981 मध्ये केंटकी राज्यात काही खाजगी मंडळींनी घराघरांतली क्विल्ट नोंदवायला सुरुवात केली: लोकांनी घरची क्विल्ट घेऊन यायची, तिथे फोटो काढायचा, शिवणारीचं नाव-गाव लिहायचं. त्यांचं बघून एकामागून एक राज्यांनी हे उचललं.

आपल्याकडे गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर पुस्तक केलं आहे, तेही इंग्रजीत. एका बाईने एवढं केलं. मग जिल्ह्याजिल्ह्यात, मराठीत, शाळा-कॉलेजांच्या पोरापोरींनी हे काम करायला हरकत कोणाची आहे? "लोप पावत चाललेली कला" असे लेख लिहायला लागतो त्याहून कमी वेळ शेजारच्या चार घरांतल्या गोधड्या नोंदवायला लागतो.

आता एखादा जाणकार वाचक मला पेचात पकडेल. म्हणेल, अमेरिकेतली सगळ्यांत नावाजलेली क्विल्ट तर अलाबामातल्या जीज बेंडची, आणि तिथल्या काळ्या बायकांनी कुठली इंचपट्टी वापरली? कामाचे जुने कपडे फाडून, नजरेने जोडत गेल्या. तरीही 2002 मध्ये त्यांची क्विल्ट ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत भिंतीवर लागली, 2006 मध्ये त्यांच्यावर टपाल तिकिटं निघाली.

अगदी बरोबर. आणि हे माझ्याच बाजूचं उदाहरण आहे. तिकडच्या रचनांनाही नावं आहेत: हाउसटॉप, ब्रिकलेअर, लेझी गॅल. भिंतीवर क्विल्टशेजारी लोरेटा पेटवे, अ‍ॅनी मे यंग, मेरी ली बेंडॉल्फ अशी नावं लिहिलेली होती. "अलाबामातल्या मावशी" असं लिहिलेलं नव्हतं. आणि त्याच परिसरातल्या बायकांनी 1966 मध्ये, नागरी हक्कांच्या चळवळीच्या धामधुमीत, फ्रीडम क्विल्टिंग बी नावाची सहकारी संस्था काढली, कारण मताचा हक्क मागितला म्हणून घरंदारं आणि रोजगार जात होते. पुढे सीअर्स कंपनीसाठी कॉर्डुरॉयच्या उशांचे अभ्रे शिवायचं काम त्यांनी घेतलं. त्या कामाला माप ठरलेलं होतं, दर ठरलेला होता. मापाचं काम पोटासाठी, मनाचं काम घरी. दोन्ही त्याच हातांनी केलं. हिशेब म्हणजे इंचपट्टीच असं मी कुठे म्हणते आहे? कुणी, कधी, कसं आणि किती मोबदल्यात, एवढं लिहिलं की झाला हिशेब.

अमेरिकेची आरती ओवाळते आहे असं वाटायला नको, म्हणून त्यांचंही माप काढते. नवंकोरं कापड विकत घ्यायचं, त्याचे तुकडे करायचे आणि ते पुन्हा जोडायचे, हा उद्योग बघून माझ्या आजीने कपाळाला हात लावला असता. काही जणींच्या घरी न कापलेल्या कापडाची कपाटं भरलेली असतात. जोअ‍ॅन ही कापडाची मोठी दुकानसाखळी 2025 मध्ये कायमची बंद झाली तेव्हा आमच्या मंडळात सुतक होतं. आणि भाबडेपणा यांच्यातही भरपूर आहे. गुलामगिरीतून पळणाऱ्यांना क्विल्टच्या नक्षीतून गुप्त खुणा दिल्या जात, अशी कथा 1999 च्या एका पुस्तकामुळे घरोघरी पोचली. इतिहासकारांनी शोधलं, त्या काळातला पुरावा मिळाला नाही. पण कथा गोड, त्यामुळे शाळांतून अजून सांगतात. ही त्यांची मायेची ऊब. जिथे नोंद नसते तिथे गोड गोष्ट येऊन बसते, मग देश कोणताही असो.

शेवटचं उदाहरण देते, कारण "मोजमापात भावना कुठे" याचं याहून ठणठणीत उत्तर मला माहीत नाही. एड्सने माणसं मरत होती आणि लोक त्यांचं नाव घ्यायला तयार नव्हते, त्या काळात, 1987 मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोत क्लीव्ह जोन्स आणि त्याच्या मित्रांनी गेलेल्यांच्या आठवणीसाठी क्विल्ट सुरू केलं. कुणी जीन्स शिवली, कुणी टेडी बेअर, कुणी पत्र. मनाला येईल ते शिवा, अट एकच: पट्टी 3 फूट बाय 6 फूट. एका थडग्याचं माप. अशा 8 पट्ट्या जोडल्या की 12 फुटांचा चौकोन होतो, आणि त्यालाही ब्लॉकच म्हणतात. त्या वर्षी ऑक्टोबरात वॉशिंग्टनमध्ये ते पहिल्यांदा पसरलं तेव्हा 1,920 पट्ट्या होत्या; आज सुमारे पन्नास हजार आहेत. प्रत्येक आईने आपल्या मनासारखं माप घेतलं असतं, तर दोन पट्ट्याही एकमेकींना जोडता आल्या नसत्या. माप ठरलेलं होतं म्हणून एकाचं दुःख दुसऱ्याच्या दुःखाला शिवता आलं. आणि ज्या संस्थेने हे चालवलं तिचं नावच होतं नेम्स प्रोजेक्ट. नावं!

तेव्हा माझं मागणं फार नाही. घरात असलेल्या गोधडीच्या मागे चार बोटं कापडाची पट्टी शिवा आणि शिवणारीचं नाव, गाव, वर्ष लिहा. नाव माहीत नसेल तर जी सांगू शकेल ती म्हातारी अजून आहे तोवर विचारून घ्या. नवी गोधडी शिवून घेणार असाल तर तास विचारा आणि तासाने पैसे द्या, जसे प्लंबरला देता, जसे मला मिळतात. आणि सोसायटीत, महिला मंडळात चार जणी मिळून महिन्याला एक चौकोन शिवायला घ्या, पुरुषांनाही बसवा. पहिल्या दोन महिन्यांतच कळेल की हे काम किती अवघड आहे. ते कळलं की भाव करताना जीभ आपोआप अडखळेल.

एवढं करा, मग खुशाल हळवे व्हा. ऊब कुठे पळून जात नाही.